देवडीवरची वही



अवसरी बुद्रुकच्या आसपास उसाच्या फडात बिबट्याचा वावर आता नवलाचा राहिलेला नाही. तेव्हा असे समजा, की मुंबईस नोकरी करणाऱ्या एका मुलाने गावी गोठ्यावर कॅमेरा बसविला. घरात आईला मोबाइलवर चित्र दिसते. मुलाला मुंबईहून मात्र काही केल्या दिसत नाही. मग घोडे अडते कुठे?

ते अडते पत्त्यात. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ साली एगेवांग व फ्रान्सिस यांनी एक तोड मांडली. आतल्या यंत्रांना खासगी पत्ते द्यावेत आणि बाहेर जाताना ते सार्वजनिक पत्त्यांत बदलावेत. घराबाहेर आता साऱ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. ही अदलाबदल राउटर करतो. त्यालाच ‘नॅट’ म्हणतात.

राउटर म्हणजे वाड्याच्या देवडीवरचा कारकून. आतून पत्र निघाले, की तो पाठविणाऱ्याचे नाव वहीत टिपतो व पत्रावर वाड्याचा पत्ता घालतो. उत्तर आले, की वही पाहून ते पोचते करतो. परंतु बाहेरून आपण होऊन आलेल्या पत्राची नोंद वहीत नसते. ते तो टाकून देतो. म्हणून त्याला कायमचा हुकूम द्यावा लागतो: ‘अमुक क्रमांकाच्या पोर्टवर येईल ते कॅमेऱ्याकडे द्यावे.’

हुकूम देऊनही काम होईना, तर तोच पुन्हा पुन्हा खोडून लिहू नये. वेशीपासून आत यावे.

प्रथम राउटरचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर कंपनीच वर आणखी एक अदलाबदल करीत आहे. हा टप्पा २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवला गेला. अशा वेळी पत्र आपल्या देवडीपर्यंत येतच नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक आहेत. हुकूम दोघांनाही हवा.

दुसरे, परीक्षा बाहेरून घ्यावी. घरच्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता लावून पाहिल्यास पुष्कळ राउटर ते परत आत वळवीत नाहीत आणि चूक नसता चूक भासते. मोबाइलचा डेटा वापरावा.

तिसरे, कॅमेऱ्याचा आतला पत्ता ताडून पाहावा. राउटर पत्ते मुदतीने देतो. वीज जाऊन आली, की तो बदलू शकतो. मग हुकूम खरा, पण माणूस खोली सोडून गेलेला! तो पत्ता कॅमेऱ्याच्या नावे राखून ठेवावा.

शेवटी एक इशारा. उघडलेले दार मुलगा कोण आणि चोर कोण हे ओळखीत नाही. कॅमेऱ्याचा मूळचा पासवर्ड आधी बदलावा. शक्य तर दार न उघडता व्हीपीएनच्या बंदिस्त वाटेने जावे. बिबट्यासाठी बसविलेला डोळा परक्याच्या हाती जाता कामा नये.