पाटीवर ‘मेथडिस्ट’ लिहिलंय, पण कुठलं?

मुंबईच्या उपनगरातल्या एखाद्या मेथडिस्ट मंडळीचा इतिहास पीएचडीला घ्यायचा विचार असेल, तर अर्काइव्ह गाठण्याआधी बघा: ही मंडळी अमेरिकन परंपरेतली की ब्रिटिश? मी विज्ञानातला. आमच्याकडे सॅम्पलचं लेबल चुकलं की पुढची मोजणी कितीही नेमकी असो, वाया जाते. इथेही तसंच आहे.

ब्रिटिश परंपरेतल्या दक्षिणेकडच्या मंडळ्या १९४७ मध्ये चर्च ऑफ साऊथ इंडियात गेल्या. उत्तरेकडच्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. तो सोहळा नागपुरात झाला, म्हणजे आमच्या सेवाग्रामपासून दोनेक तासांवर. अमेरिकन परंपरेतली शाखा त्या एकीकरणाच्या वाटाघाटींत होती, पण ऐनवेळी बाहेर राहिली. १९८१ मध्ये ती स्वायत्त ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ झाली. म्हणून आज पाटीवर हे नाव दिसलं, तर धागा अमेरिकेकडे जातो. मात्र कॅटलॉगमध्ये १९३९ पूर्वीसाठी ‘मेथडिस्ट एपिस्कोपल’ असंच शोधा, बरं का. त्या वर्षीच्या विलीनीकरणात ‘एपिस्कोपल’ हा शब्द गळला.

मुंबईत या परंपरेची सुरुवात विल्यम टेलर यांच्या १८७१ च्या सभांपासून. आधी लोक घराघरांत जमले, त्यांच्या मंडळ्या झाल्या, चर्चच्या इमारती नंतर आल्या. त्यामुळे कोनशिलेवरचं साल हेच मंडळीचं जन्मसाल धरणं मला तरी धोक्याचं वाटतं. सुरुवातीचा कारभार इंग्रजीत होता. टेलर यांना साथ देणारे जॉर्ज बोवेन मात्र १८४८ पासून मुंबईत होते आणि मिशनचा पगार नाकारून साधेपणाने राहत होते.

आता खरी गोम. टेलर यांचा आग्रह होता की मंडळीने आपला खर्च आपणच भागवावा, अमेरिकेतल्या मिशन बोर्डाकडून पैसे घेऊ नयेत. जिथे अनुदान नाही, तिथे अनुदानाचा हिशेबही नाही! सुरुवातीच्या काळासाठी फक्त मिशनच्या अहवालांवर विसंबलात, तर स्वतःच्या खिशातून चर्च चालवणारी माणसंच तुमच्या प्रबंधातून गळतील. ती सापडण्याची शक्यता जास्त आहे स्थानिक कागदांत: बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या, दानाचे हिशेब, सभांची इतिवृत्तं.

हे कागद मंडळीच्या ताब्यात असतात. पाळकसाहेबांना आधी रीतसर पत्र द्या, काय वाचणार आणि काय छापणार ते लिहा. नोंदवहीतल्या माणसांची नातवंडं त्याच बाकांवर बसत असतील, तेव्हा अलीकडच्या नोंदींतली नावं झाकूनच वापरा. आणि सोबत पेन्सिल न्या, शाईचं पेन नको.