मत गुप्त, मतपत्रिका उघडी

निवडणुकीनंतर सगळ्या मतपत्रिका जाहीर करायच्या, ज्याला हवं त्याला मोजू द्यायच्या. पण कोणाचं मत कोणतं, हे मात्र कळू द्यायचं नाही. अशक्य वाटतं ना? 'डेबियन'वाल्यांनी ते जमवलंय.

डेबियन ही संगणकाची मुक्त कार्यप्रणाली. 1993 पासून जगभरचे स्वयंसेवक ती घडवताहेत. मालक कोणी नाही. दरवर्षी सदस्य आपला नेता निवडतात. 1997 सालच्या त्यांच्या सामाजिक करारात, अडचणी लपवणार नाही, असं चक्क कलम आहे.

आता गंमत पाहा. मत नोंदवलं की मतदाराला एक गुप्त संकेत मिळतो. तो संकेत आणि मतदाराचं नाव एका गणिती चरकात घातलं की अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ बाहेर पडते. रसावरून ऊस पुन्हा उभा करता येत नाही, तसंच या ओळीवरून नाव काढता येत नाही. निकालाच्या तक्त्यात नावं नसतातच. असते ती ही ओळ आणि तिच्यापुढे पसंतीक्रम. मी माझी ओळ घरबसल्या तयार करतो, तक्त्यात शोधतो, मत जसंच्या तसं आहे ना ते बघतो. बेरीज तर कोणीही करावी!

नेत्याची निवड सोडून इतर ठरावांवरची मतं मात्र नावानिशी जाहीर व्हायची. 2021 मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांच्याबद्दल भूमिका घ्यावी का, यावर मतदान झालं. वाद जहरी होता आणि नावानिशी मत दिल्यावर कोणी छळेल, ही भीती खरी होती. 2022 मध्ये ती मतंही गुप्त झाली. मला हे माघार घेणं वाटत नाही. निकाल तपासता यायला हवा, माणसाची झडती कशाला?

खासगी चर्चेच्या बाबतीत मात्र त्यांना असं कोडं सुटलं नाही. सदस्यांचा आपसातला पत्रव्यवहार तीन वर्षांनी खुला करायचा, असं 2005 मध्ये ठरलं. 2016 मध्ये तो ठराव मागे घेतला गेला.

आणि मतदानाच्या त्या सुंदर युक्तीलाही एक फट आहेच. गुप्त संकेत दुसऱ्याला दाखवला की मत सिद्ध होतं, म्हणजे ते विकताही येतं. आपल्याकडच्या मतदानयंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी म्हणूनच काचेआड 7 सेकंद दिसते आणि पेटीत पडते. घरी नेता येत नाही.