महाग अवजार केव्हा घ्यावे?

त्रिरश्मी लेण्यांवर वंदनेस जाणाऱ्या बहुतेक उपासक-उपासिकांनी दहाव्या क्रमांकाचे लेणे पाहिलेले असते. तेथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतील दानलेख आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा हा लेख दानाचा आहे, तसाच तो कारागिरांकडील ठेवीचाही आहे. उषवदाताने लेण्यातील भिक्खूसंघासाठी ३,००० काहापण दिले, पण ते रोख वाटले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० काहापण दरमहा शेकडा एक व्याजाने व दुसऱ्या श्रेणीकडे १,००० काहापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट होती. २,००० चे वर्षाचे व्याज २४० होते. वर्षावासातील २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ द्यायचे ठरले, म्हणजे तेही २४०च. हिशेब पैशाला पैसा जुळतो.

या लेखातून एक साधी गोष्ट ध्यानात येते. विणकरांनी त्या पैशाचे सूत घेतले असो वा माग, वर्षाचे २४० काहापण कामातूनच उभे करणे त्यांना भाग होते. उसने भांडवल कामाला लागले, तर ते कारागिराला पोसते. नाहीतर कारागीरच त्याला पोसत बसतो.

आज आपल्या समाजात शिवणकाम, सुतारकाम, वेल्डिंग, गवंडीकाम करणारे अनेक बंधू-भगिनी आहेत. आम्ही बँकेत नोकरीस असल्यामुळे "साहेब, मशीन घ्यायचे आहे, कर्ज मिळेल का?" हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. कर्ज मिळेल का, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे ते हे की, त्या मशीनला पुरेल एवढे काम आपल्यापाशी आहे का?

आमच्या परिचयातील एका सुतारबंधूंनी रंध्याचे मोठे यंत्र हप्त्याने घेतले. त्यांचे बरेचसे काम लोकांच्या घरी जाऊन दारे-खिडक्या दुरुस्त करण्याचे. यंत्र आपल्या घरी आणि काम दुसऱ्याच्या घरी, अशी गत झाली. दीड वर्षाने यंत्र निम्म्या किमतीत विकावे लागले, हप्ते मात्र राहिले. ते फेडताना मुलीचे कॉलेजचे एक वर्ष गेले. गृहस्थ आळशी नव्हते, यंत्रही वाईट नव्हते. हिशेब तेवढा आधी मांडलेला नव्हता.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला होता. शेत फायद्याचे की तोट्याचे, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. जमीन, भांडवल, अवजारे व मेहनत यांचे एकमेकांशी प्रमाण कसे आहे, यावर ते ठरते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. हाच विचार कारागिराला लागू करता येईल. अवजार स्वस्त की महाग, हे दुकानातल्या किमतीवरून कळत नाही. ते आपल्याकडील कामाच्या प्रमाणात आहे का, हे पाहावे लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, घरी शिवणकाम करणाऱ्या एका ताई साड्यांचे पिको-फॉल बाहेरून करून घेतात. स्वतःचे मशीन १८,००० रुपयांना येते. दोरा व वीज वजा जाता एका साडीमागे २५ रुपये वाचतील, असे धरू. पूर्ण रक्कम १२ टक्के व्याजाने २४ महिन्यांसाठी घेतली, तर हप्ता सुमारे ८५० रुपये पडतो. म्हणजे दर महिन्याला ३४ साड्या केल्या, तर मशीन स्वतःचा हप्ता स्वतः भरते. आज महिन्याला ५० साड्या बाहेर जात असतील, तर मशीन अवश्य घ्यावे. १२च जात असतील, तर बाहेर देणेच शहाणपणाचे. मशीन आले की काम येईल, या आशेवर हप्ता बांधून घेऊ नये.

हा आकडा काढताना लग्नसराईचा महिना धरू नये. पितृपंधरवड्यात, भर पावसाळ्यात किती काम येते, ते धरावे. हप्ता मंदीतही चुकत नाही.

व्याजाच्या दराइतकीच मुदतही पाहावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, चर्मकार, गवंडी आदी १८ व्यवसाय आहेत. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत व पुढे २ लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. पहिल्या कर्जाची मुदत १८ महिने. वरील ताईंनी तेच १८,००० या दराने घेतले, तर एकूण व्याज सुमारे २,३०० ऐवजी ७२० रुपयेच पडते. पण मुदत कमी असल्याने हप्ता सुमारे १,०४० होतो, म्हणजे महिन्याला ४२ साड्या हव्यात. कर्ज स्वस्त झाले, तरी महिन्याचा भार वाढला. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत बँक, महामंडळ व अर्जदार असे तिघांचे वाटे असतात. या योजनांचा लाभ जरूर घ्यावा. मात्र अनुदान आहे म्हणून नको असलेले अवजार घरात आणू नये.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नये. एक म्हणजे दिवसभर हातात राहणारे अवजार. शिंप्याची कात्री, सुताराची पटाशी, गवंड्याची थापी चांगलीच असावी. तिचा खर्च रोजच्या कामावर वाटला, की तो पैशांत येतो. दुसरे म्हणजे शरीर राखणारे साधन. वेल्डिंगचा चांगला मुखवटा किती साड्यांइतका किंवा किती जोडांइतका, असा हिशेब करू नये. डोळे गेले, तर हिशेब करायलाच कोणी उरत नाही.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा. अवजाराचा हप्ता व्यवसायाच्या दोन भागांतून जावा. तो चौथ्या भागातून जाऊ लागला, की आजारपण व मुलांचे शिक्षण उघड्यावर पडते. आमच्या त्या सुतारबंधूंचे हेच झाले.

आणि कधीकधी लागणारे महाग यंत्र? त्रिरश्मीच्या लेखाकडे पुन्हा पाहू. व्याजाची जबाबदारी एकट्या विणकराने नव्हे, श्रेणीने घेतली होती. चार-पाच कारागिरांनी मिळून एक यंत्र घेतले, वापराचे दर ठरवले, दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला टाकली आणि नोंदी चोख ठेवल्या, तर एकाला न परवडणारे यंत्र पाचांना परवडते. नोंदी नसल्या, तर मात्र यंत्राआधी मैत्री मोडते.

विद्यार्थी मित्रांना आमची एक विनंती आहे. आपले आई-वडील, काका-मामा कारागीर असतील, तर त्यांच्यासाठी एक वही घाला. कोणते काम आले, कोणते अवजार नसल्याने परत गेले वा बाहेर द्यावे लागले, त्यात किती पैसे गेले, एवढे रोज रात्री लिहा. सहा महिन्यांनी ती वही उघडली, की अवजार घ्यावे की नाही, हे दुकानदाराला किंवा बँकेला विचारावे लागणार नाही. आपल्या शिक्षणाचा घराला याहून रोकडा उपयोग आम्हांला तरी दिसत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!