मुंबईत गायलेलं झांजिबार

१९२८ साली झांजिबारहून एक गायिका आपल्या साथीदारांसह मुंबईला आली. तिचं नाव सिती बिंती साद, वय पन्नाशीच्या आसपास. साथीला उद हे तंतुवाद्य होतं, व्हायोलिन होतं. बोलावणं ग्रामोफोन कंपनीचं, म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चं. तिची स्वाहिली गाणी मुंबईत ध्वनिमुद्रित झाली, त्यांच्या तबकड्या निघाल्या आणि आगबोटीने परत झांजिबार, मोम्बासा, दारेस्सलामच्या दुकानांत पोचल्या. स्वाहिली संगीताच्या अगदी सुरुवातीच्या व्यावसायिक तबकड्यांमध्ये त्यांची गणना होते. पुढच्या तीन-चार वर्षांत पूर्व आफ्रिकेत स्वाहिली तबकड्यांचा खप सत्तर हजारांच्या वर गेला.

जुन्या आफ्रिकी संगीताच्या नादी लागलेल्या मराठी माणसाने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. त्याला नायजेरिया किंवा काँगोपासून सुरुवात करायची गरज नाही. आपल्या मुंबईने ऐकलेली, आणि ऐकून विसरलेली, ही बाई आधी भेटायला हवी.

सिती झांजिबारच्या फुंबा गावची. जन्म १८८०च्या सुमाराचा, गुलामीतून आलेल्या घराण्यात. मातीची भांडी घडवून ती गावोगाव विकायची, आणि विकताना मोठ्याने हाळी द्यायची. आवाज तिथेच कमावला गेला असं सांगतात. १९११ साली ती शहरात आली. तेव्हा झांजिबारच्या सुलतानाच्या दरबारात ‘ताराब’ नावाचं गाणं चालायचं. त्याचा घाट इजिप्तचा, भाषा अरबी आणि श्रोते बडे लोक. सितीने ते स्वाहिलीत आणलं आणि चाळवजा वस्तीत राहणाऱ्या, काल-परवापर्यंत गुलाम असलेल्या माणसांसमोर गायलं. तिच्या गाण्यांना विषय गावातल्या बातम्यांचे असत. ‘किजिती’ हे तिचं गाजलेलं गाणं एका खुनावर आहे. एका गरोदर बाईला मारून किजिती नावाचा माणूस पळून गेला, आणि शिक्षा झाली ती भलत्याच बायकांना. न्यायालयाने केलेला तो अन्याय सितीने गाण्यातून गावभर केला. आपल्याकडचे शाहीर हे काम पूर्वापार करत आले आहेत, त्यामुळे मराठी कानाला यात नवल वाटू नये. १९५० साली ती वारली. शाबान रॉबर्ट या स्वाहिलीतल्या मोठ्या लेखकाने तिचं चरित्र लिहिलं आहे.

आता अशी जुनी गाणी पुन्हा ऐकवणाऱ्या डीजेंविषयी थोडं. आमच्या वर्धा जिल्ह्यात डीजे म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ट्रकवर रचलेल्या स्पीकरांचा डोंगर. लग्नाची वरात असो की विसर्जन, घराच्या खिडक्या थरथरल्या की डीजे आला. लंडन, पॅरिस, बर्लिन, नैरोबी आणि हल्ली थोडंफार मुंबईतही या शब्दाला वेगळा अर्थ आहे. तिथे एखादा संग्राहक आपल्या पेटीतल्या जुन्या तबकड्या घेऊन येतो आणि रात्रभर एकामागून एक लावतो. घानाचं हायलाइफ, काँगोची रुंबा, इथिओपियाचा जॅझ, केनियाचा बेंगा. लोक नाचतात, काही जण कोपऱ्यात उभे राहून तबकडीवरचं लेबल वाचायचा प्रयत्न करतात.

या वेडातूनच पुनर्प्रकाशनाचा धंदा उभा राहिला. फ्रान्समधल्या ‘बुदा म्युझिक’ने १९९७ पासून ‘एथिओपीक’ ही मालिका काढली आणि मुलातू अस्तात्के हे नाव जगाला कळलं. ब्रायन शिमकोवित्झ या अमेरिकन तरुणाला घानामध्ये आता काक नावाच्या गायकाची एक कॅसेट मिळाली होती. त्याने ती लोकांना ऐकवली, ती गाजली, आणि मग कित्येक वर्षं तो त्या गायकालाच शोधत फिरला. गायक सापडला, आणि २०१५ साली त्याच्या संमतीने ती कॅसेट पुन्हा निघाली. ‘शोध लागला’ असं आपण सहज म्हणतो, पण ज्याचा शोध लागतो तो माणूस बहुधा आपल्या घरीच असतो.

सॉलोमन लिंडाची गोष्ट याहून कडू आहे. हा झुलू कामगार. १९३९ साली जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीत आपल्या साथीदारांबरोबर त्याने ‘म्बुबे’ म्हणजे ‘सिंह’ हे गाणं गायलं. हक्कांपोटी त्याला मिळाले दहा शिलिंग. तबकडी दक्षिण आफ्रिकेत तुफान चालली. तिच्या काही प्रती अमेरिकेत गेल्या, तिथे त्या फेकल्या जाणार होत्या. ॲलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या अभ्यासकाने त्या वाचवून पीट सीगरच्या हाती दिल्या. सीगरच्या ‘वीव्हर्स’ने ते गाणं गायलं, मग १९६१ साली ‘द टोकन्स’ने, आणि पुढे ते डिस्नेच्या ‘लायन किंग’मध्ये आलं. आपल्या पोरांनीही ते ऐकलंय. लिंडा १९६२ साली गरिबीत वारला. त्याच्या मुलींना न्याय मिळाला तो २००६च्या तडजोडीत. टाकून दिलेल्या तबकड्यांच्या ढिगात हात घालणाऱ्या प्रत्येक संग्राहकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. लोमॅक्सने तबकडी वाचवली नसती तर गाणं तिकडे पोचलं नसतं, आणि पोचल्यावर ज्याचं ते होतं त्याला कोणी विचारलं नाही. दोन्ही खरं आहे.

सेवाग्रामला राहणाऱ्याला दक्षिण आफ्रिका परकी वाटायचं कारण नाही. १९३६ साली गांधीजी इथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. त्याआधी डर्बनजवळ त्यांचा पहिला आश्रम होता फिनिक्स, स्थापना १९०४ची. फिनिक्सच्या शेजारी, इनांडा भागात, जॉन ड्युबे यांची ओहलांगे ही शाळा होती. ड्युबे हे पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेचे १९१२ सालचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. नोव्हेंबरात गांधीजींबरोबर ते ओहलांगेला गेले, ड्युबेंशी तिथल्या काळ्या लोकांच्या प्रश्नांवर बोलले, आणि शाळेतल्या मुलांनी पाहुण्यांसमोर झुलू गाणी म्हटली, बँडही वाजवला. ‘इंडियन ओपिनियन’मध्ये ही बातमी छापून आली होती. झुलू गाणं समोर बसून ऐकणाऱ्या सुरुवातीच्या मराठी श्रोत्यांत गोखल्यांचं नाव घ्यायला हरकत नाही.

ते गायन हवेत विरलं, पण त्याच्या आसपासचं बरंच काही तबकडीवर आहे. एनॉक सोंटोंगाने १८९७ साली रचलेलं ‘न्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ हे स्तोत्र लोकांपर्यंत नेण्यात ओहलांगेच्या गायकवृंदाचा मोठा वाटा होता. ते पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं १९२३ साली लंडनमध्ये. गायले सोल प्लाकी, ड्युबेंचे सहकारी, लेखक आणि पत्रकार. आज हे गाणं दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग आहे. ओहलांगेतच शिकलेला आणि पुढे तिथेच संगीत शिकवणारा रूबेन कालुझा १९३० साली आपल्या गायकांना घेऊन लंडनला गेला. तिथे एचएमव्हीसाठी त्यांनी दीडशेच्या घरात गाणी दिली. काळ्या माणसाला जमिनीवरून हुसकावणाऱ्या १९१३च्या कायद्याविरुद्ध त्याने रचलेलं गाणं तर राजकीय सभांमध्ये म्हटलं जायचं. कालुझाच्या लंडनवारीच्या पुढच्याच वर्षी गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते, आणि तेव्हा त्यांचाही आवाज कोलंबिया कंपनीने तबकडीवर घेतला.

या सगळ्या जुन्या तबकड्या लाखेच्या. प्लॅस्टिकच्या तबकड्या, ज्यांना आपण एलपी म्हणतो, त्या नंतरच्या. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत लाख साधारण पाव ते एक तृतीयांश. बाकी दगडाची भुकटी, काजळी, थोडा कापसाचा तंतू. आणि जगाला लाख पुरवणारा देश म्हणजे प्रामुख्याने भारत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातही लाख निघते, आणि वर्धा जिल्ह्यात तर पळसाला तोटाच नाही. दुसऱ्या महायुद्धात लाखेची आवक आटली तेव्हा अमेरिकेत तबकड्यांच्या उत्पादनावर कपात लादावी लागली, जुन्या तबकड्या मोडीत घेऊन वितळवल्या गेल्या. त्या वितळवण्यात किती गाणी गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

भारतातला तबकड्यांचा कारखाना कलकत्त्याला १९०८ पासून होता. सिती मुंबईत गायली त्याच १९२८ साली तो दमदमला गेला. इथे ७८च्या तबकड्या इतक्या उशिरापर्यंत निघत राहिल्या की बीटल्सच्या भारतीय ७८ तबकड्यांसाठी आज परदेशी संग्राहक वाट्टेल ती किंमत मोजतात.

समुद्रापलीकडे हा व्यापार पुष्कळसा भारतीयांच्या हातात होता. मोम्बासातलं ‘असानंद अँड सन्स’ हे दुकान ‘म्झुरी’ नावाने ताराबच्या तबकड्या काढायचं. केनियाच्या चहाच्या मळ्यांतलं केरिचो गाव. तिथे चांदाराणा या गुजराती नावाच्या कंपनीने कालेंजिन आणि लुओ गायकांचा बेंगा ध्वनिमुद्रित केला. गिटारची झपाट्याने पळणारी ओळ आणि खाली ठाम बास. नैरोबीचं ‘मेलोडिका’ हेही मूळ गुजराती घराण्याचं दुकान. देशोदेशीचे संग्राहक आजही तिथे जुन्या ४५च्या तबकड्यांसाठी जातात. काउंटरमागे बसलेल्या या दुकानदारांपैकी बऱ्याच जणांना त्या संगीताशी फारसं देणंघेणं नसेल, धंदा म्हणून ते छापत असतील. पण छापलं त्यांनी. १९६४ची झांजिबारची क्रांती आणि १९७२ची युगांडातून झालेली हकालपट्टी यांनी ही वस्ती विस्कटून टाकली. तेव्हा कच्छ, जामनगर, पोरबंदरकडे परतलेल्या घरांच्या माळ्यावर काय काय पडलं असेल, ते पाहायला कुणीतरी जायला हवं.

उलट दिशेने गाणी गेली ती सिनेमाच्या बोटीतून. झांजिबार-मोम्बासाच्या थिएटरांत हिंदी चित्रपट लागत आणि त्यांच्या चाली ताराबमध्ये शिरत. मोम्बासाचा जुमा भालो (१९४२-२०१४) हा यातला बादशहा. हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर त्याने स्वाहिली गाणी गायली, आणि शब्द बहुधा त्याचाच नातलग, अहमद नासिर या नामवंत कवीचे. याला कोणी चोरी म्हणेल. मला मात्र ते आपल्या नाट्यसंगीतवाल्यांनी कानडी आणि उर्दू चालींवर पदं बांधली त्याच्या जवळचं वाटतं. इकडून तिकडे गेलेल्या गायिकांतली उषा उथुप तर मुंबईचीच. ‘उषा इन नैरोबी’ ही तिची तबकडी आणि तिचं स्वाहिली ‘मलाइका’ ज्यांच्याकडे आहे ते ती सहसा उसनी देत नाहीत.

तबकड्या कुठे मिळतील? मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर अजून ढीग असतात, पण आफ्रिकी तबकडी सापडणं हा योग. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. लाखेच्या तबकड्यांचं काम मुंबईत मनापासून केलं ते ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने. १९९० साली ती सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या मित्रांनी वर्षानुवर्षं श्रवणाच्या बैठका भरवल्या, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढलं. त्यांचा भर भारतीय संगीतावर. पण एक तबकडी लावायची, ती कोणाची, कधीची, कुठे निघाली ते सांगायचं, मग पुढची, ही रीत डीजेच्या रात्रीपेक्षा मला जास्त पटते. नाचायला कोणाची मनाई नाही.

हाती एखादी लाखेची तबकडी आलीच तर दोन-तीन गोष्टी पाळाव्या. एलपीची सुई तिला लावू नये. ७८च्या खाचेला साधारण तिप्पट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी फरफटत जाते आणि गाण्याऐवजी खरखर ऐकू येते. स्पिरिटने पुसायचं नाही, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते; एका पुसण्यात सिती बिंती सादचं गाणं कायमचं जाईल. एलपीवर स्पिरिट चालतं म्हणून लोक इथे फसतात. साठवताना तबकड्या उभ्या ठेवाव्या, एकमेकींवर रचू नयेत, पडली तर काचेसारखी फुटते. आणि विदर्भाचा मे महिना! पारा ४५च्या वर गेला की पत्र्याच्या खोलीत तबकडी पापडासारखी वाकते. पावसाळ्यात बुरशी. कपाट आतल्या भिंतीला, खिडकीपासून दूर.

तबकडी मिळाली नाही तरी अडत नाही. दक्षिण आफ्रिकेत ह्यू ट्रेसीने १९५४ साली स्थापलेल्या संग्रहालयात, जे आता ऱ्होड्स विद्यापीठाचा भाग आहे, खंडभर फिरून केलेली त्याची ध्वनिमुद्रणं जपलेली आहेत. सितीची मुंबईतली काही गाणीही पुन्हा प्रकाशित झाली आहेत आणि फोनवर ऐकता येतात.

दिवाळीच्या सुट्टीत चार मंडळी जमली तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी जुमा भालो लावायचा आणि काही सांगायचं नाही. साठ-सत्तरच्या दशकातला सिनेमा पाहिलेलं घरातलं कोणीतरी पहिल्या ओळीतच चाल ओळखतं, नाव आठवेना म्हणून वाद घालतं, मग शब्द कळेनात म्हणून चिडतं. तेवढ्यात कालुझाचा गायकवृंद, तो ऐकून चर्चच्या गाण्याची आठवण निघते. आणि सगळे गप्पा मारून थोडे सैल झाले की सिती. पहिल्या वेळी ती फार कोणाला आवडत नाही. आवाज किनरा, साथ विरळ, खरखर भरपूर. दुसऱ्यांदा लावावी.