परवानगी ८० फुटांची, पाया १२४ चा

म्हैसूर-उटीच्या सहलीला गेलेली मराठी मंडळी संध्याकाळी कृष्णराजसागरला पोचतात, वृंदावन बागेतली रंगीत कारंजी बघतात आणि जेवायच्या वेळेला हॉटेल गाठतात. बागेच्या डोक्यावरची ८,६०० फूट लांबीची दगडी भिंत अंधारात तशीच राहून जाते. तिचा सगळ्यात धाडसी भाग तर दिवसाही दिसत नाही. तो कावेरीच्या तळाशी आहे.

हे धरण आखणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या शिकले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, पहिली नेमणूक नाशिकला. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले ते १९०३ मध्ये. १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले, तेव्हा पाटबंधाऱ्यांच्या कामात त्यांचा हात इकडेच तयार झालेला होता.

म्हैसूरला पाणी दोन कामांसाठी हवं होतं. शिवसमुद्रमच्या वीजघरावर कोलारच्या सोन्याच्या खाणी चालत आणि उन्हाळ्यात कावेरी आटली की विजेची ओढाताण व्हायची. शिवाय मंड्याकडची जमीन कोरडी. कन्नंबाडी गावाजवळ, म्हणजे आजच्या कृष्णराजसागरच्या जागी, १२४ फूट पाणी अडवायचं ठरलं. खालच्या अंगाला तंजावरची भातशेती, त्यामुळे मद्रास सरकार अडून बसलं. अखेर मान्यता मिळाली ती फक्त ८० फुटांना, साठा ११ टीएमसी. १९११ मध्ये काम सुरू झालं.

आता पेच असा. दगडी धरण पाण्याला नुसत्या वजनाने थोपवतं. पाण्याची खोली ८० ची १२४ फूट झाली, की भिंतीवरचा रेटा सुमारे २.४ पट होतो आणि तिला उलथवू पाहणारा जोर जवळजवळ पावणेचारपट! त्या मानाने बूड रुंद लागतं. ते मागाहून रुंदावायचं, तर भरलेल्या धरणाच्या पाठीला नवं बांधकाम चिकटवावं लागतं. जुनं बांधकाम आधीच भार घेऊन बसलेलं असतं, नवं नंतर आवळतं आणि दोहोंमधल्या सांध्याचा भरवसा कोणी द्यायचा? म्हणून पाया पूर्ण उंचीच्या हिशेबाने घातला गेला. मद्रासच्या बाजूने पाहिलं तर ही चलाखीच. मला विचाराल तर दुसरा कुठलाही पाया घालणं अडाणीपणाचं ठरलं असतं.

'सिमेंट न वापरता बांधलं' याचं लोकांना भारी कौतुक. पण १९११ मध्ये आपल्याकडे सिमेंटचा धंदा जेमतेम सुरू होत होता. परदेशी माल परवडणार कसा? चुना आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, पाण्यासह मळून केलेला गारा ओलाव्यातही घट्ट होतो. तो सावकाश रापतो हा त्याचा दोष, पण सिमेंटसारखा तापत नाही, हा जाड भिंतीत मोठा गुण.

अशा कामात खरी कसोटी गवंड्याची. दगड धुऊन घ्यायचा, खाली भरपूर गारा पसरायचा, दगड त्यावर ठेवून मोगरीने ठोकायचा तो चहूबाजूंनी गारा बाहेर येईपर्यंत. मग फटींत कपच्या ठोकायच्या. घराच्या भिंतीसारखे सरळ आडवे थर इथे चालत नाहीत. आडवी दरज आरपार गेली की पाण्याला वाट मिळते आणि वरचा भाग सरकायची भीती. म्हणून मधूनमधून दगड उभे रोवून डोकं वर ठेवायचं, पुढचं काम त्यात गुंतवायचं. कितीही हुशार मुख्य अभियंता असला, तरी आतल्या पोकळ्या त्याला दिसत नाहीत. सुमारे १०,००० मजूर खपत असलेल्या कामावर तर नाहीच.

 

मद्रासशी भांडण मात्र मिटेना. १९१४ चा लवादाचा निवाडा म्हैसूरच्या बाजूने लागला, मद्रासने तो लंडनपर्यंत नेऊन फिरवला आणि १९२४ मध्ये करार झाल्यावरच पुरी उंची मोकळी झाली. विश्वेश्वरय्या तोवर दिवाणपदही भोगून १९१८ मध्ये बाहेर पडले होते. शेवटचे दगड १९३१-३२ च्या सुमारास दुसऱ्याच अभियंत्यांच्या देखरेखीखाली बसले. मंड्याला कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि १९३३ मध्ये साखर कारखानाही.