पाऱ्याची काठी

भीमा आणि सीना यांच्या बेचक्यात वसलेल्या कर्जत तालुक्यात (रायगडातले कर्जत ते निराळे, हे मुंबईकरांस मुद्दाम सांगावे लागते) एका मापाचे दुसऱ्या मापात रूपांतर करणे ही पंडितांची विद्या नव्हे. ज्याच्या नावे सातबारा आहे त्याचा तो रोजचा व्यवहार आहे. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर हा जुना हिशेब मावळला, त्याच्या जागी इंग्रजी मोजणीची ३३ फुटांची, सोळा आण्यांची साखळी आली, तिने एकराचे ४० गुंठे पाडले, आणि पुढे दशमान पद्धतीने त्याच रानाला हेक्टर-आर म्हणावयास लावले. हेक्टर म्हणजे २ एकर १९ गुंठ्यांना जेमतेम कमी. हा गुणक सरकारने मुकरर केला आहे, म्हणून त्यात वाद नाही. विद्युत्‌-रोधाच्या मोडीत निघालेल्या एककांचे दफ्तर उघडले, की मात्र हे स्वास्थ्य संपते.

रोधाचा नियम गेऑर्ग ओहम याने १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पण रोध मोजावयाचा कशाने, याची निकड प्रयोगशाळेपेक्षा तारखात्याला अधिक भासली. समुद्राच्या तळाशी केबल बिघडली, तर किनाऱ्यावर बसून तारेचा रोध मोजावयाचा, मैलामागच्या रोधाने त्याला भागावयाचे, आणि येईल तितक्या मैलांवर जहाज धाडावयाचे, असा तो शिरस्ता. साहजिकच ज्याने त्याने आपल्याच तारेचा मैल किंवा किलोमीटर हे एकक धरले. वार्ले या इंग्रज तारतज्ज्ञाचा मैल आजच्या सुमारे साडेपंचवीस ओहमांचा, तर स्विस एकक साडेदहाच्या आतले. याकोबी याने १८४८ मध्ये २५ फूट लांबीची, ३४५ ग्रेन वजनाची तांब्याची तार प्रमाण म्हणून मांडली खरी. पण तांबे एका खाणीचे दुसऱ्यासारखे नसते, आणि भेसळीचा लेशही रोध वाढवितो.

या गोंधळात वेर्नेर सीमेन्स याने १८६० मध्ये जी तोड काढली तिचे कौतुक मला आजही वाटते. पारा शुद्ध करता येतो, आणि द्रव असल्यामुळे त्याला घडणीचा दोष नाही. तेव्हा एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाचा, शून्य अंशावरचा पाऱ्याचा दंड हेच एकक. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या समितीला हे पसंत पडले नाही. लांबी, वस्तुमान आणि काल यांतूनच रोधाचे माप निघावे, असा टॉमसन, मॅक्सवेल आदींचा आग्रह. त्यांनी फिरत्या वेटोळ्याचे प्रयोग करून प्लॅटिनम-रुप्याच्या तारेची वेटोळी प्रमाण म्हणून सिद्ध केली. १८८०च्या सुमारास रॅले आणि एलिनॉर सिज्विक यांनी केंब्रिजला फेरतपासणी केली, तेव्हा ते प्रमाण शेकडा सव्वाहून अधिक उणे ठरले. वेटोळी होती तीच. बदलली ती त्यांची किंमत. बिघ्याचा गुणक हुकुमाने ठरतो, ओहमाचा प्रयोगाने, आणि प्रयोग सुधारला की जुन्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतात.

सुदैवाने या सर्व भावकीला सीमेन्सचीच काठी लावून मोजता येते. सीमेन्स एकक १०० सेंटिमीटर पाऱ्याचे, ब्रिटिश असोसिएशनचे सुमारे १०४.९चे, पॅरिसचा १८८४चा ‘कायदेशीर’ ओहम १०६चा, आणि १८९३ मध्ये शिकागोस ठरलेला आंतरराष्ट्रीय ओहम १०६.३चा. पुढे काम त्रैराशिकाचे. मात्र आकड्यापुढचे नाव विसरले, तर काय होईल पहा. १८७० मध्ये मुंबई ते सुएझ केबल पडली. समजा, तशा एखाद्या तारेचा रोध मैलास १० ब्रिटिश एकके आहे, आणि मोजणीत १,००० सीमेन्स एकके आली. कारकुनाने ती ब्रिटिश समजून भागिली, तर बिघाड १०० मैलांवर दिसेल. वास्तविक तो ९५.३ मैलांवर, आणि जहाज जवळजवळ पावणेपाच मैल पुढे जाऊन रिकाम्या हाताने गळ ओढीत बसेल.

१ जानेवारी १९४८ पासून आंतरराष्ट्रीय ओहमही मागे पडला. नवा, निरपेक्ष ओहम त्याहून दहा हजारांत पाचाने लहान. सेंटिमीटरांत सांगावयाचे तर पाऱ्याची काठी १०६.२५वर आली. त्यानंतर पाऱ्याची गरजच उरली नाही. क्लाउस फॉन क्लिट्झिंग याला १९८० मध्ये आढळलेला क्वांटम हॉल परिणाम २५,८१२.८०७ ओहम हा आकडा निसर्गातून देतो, आणि २०१९ पासून तो मूलभूत स्थिरांकांच्या निश्चित किमतींतूनच येतो.

कर्जतच्या मुरमाड रानात रोहित्राच्या अर्थिंगचा खड्डा वैशाखात कोरडा पडतो, तेव्हा तपासणीच्या यंत्रावर चढणारा आकडा याच ओहमाचा असतो. तो उतरविण्यासाठी वायरमन खड्ड्यात मीठ-कोळसा भरतो आणि वर दोन घागरी पाणी ओततो.