पाण्याला टेकलेली काडी

फॉइलवर धावणाऱ्या शिडाच्या होड्यांचा इतिहास बहुतेकदा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कुणी किती नॉट गाठले, कुणी कुणाचा विक्रम मोडला, याच्या याद्या असतात. मला तो उंचीचा इतिहास वाटतो. होडी पाण्याबाहेर काढणं फार पूर्वीच जमलं होतं. ती पाण्यापासून हातभर वर, तेवढीच वर, धरून ठेवणं जमायला आणखी पन्नास वर्षं गेली.

मुळातला पेच साधा आहे. तळाखाली पंखाच्या आकाराचं पातं, म्हणजे फॉइल, बसवलं की वेगाबरोबर ते होडीला वर रेटतं. वेग दुप्पट झाला की ही उचल चौपट होते. होडीचं वजन मात्र तेवढंच राहतं. मग जास्तीची उचल जाणार कुठे? होडी वर वर चढत जाते, फॉइल पाण्याबाहेर येतं, उचल एका क्षणात नाहीशी होते आणि सगळा डोलारा दाणकन पाण्यावर आदळतो. इंजिनाच्या बोटीत वेग निदान चालकाच्या हातात असतो. शिडाच्या होडीत वेग वाऱ्याच्या मर्जीवर, आणि त्यातच वारा शिडाला आडवा ढकलून होडी कलंडवत असतो.

यावरचा पहिला उपाय शिडीचा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पंप आणि पवनचक्क्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या गॉर्डन बेकरने अमेरिकन नौदलासाठी 1955 मध्ये ‘मॉनिटर’ ही होडी तयार केली. तिच्या खाली पायऱ्यांसारखी एकावर एक फॉइल होती. होडी वर आली की वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर पडायच्या, उचल आपोआप कमी व्हायची. मॉनिटर खरोखर उडाली आणि त्या काळच्या शिडाच्या होड्यांना स्वप्नातही न दिसणाऱ्या वेगाने उडाली. डेव्हिड किपरने याच वाटेने जाऊन ‘विलिवॉ’ ही तीन तळांची होडी बांधली आणि 1970 मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईपर्यंत नेली. महासागर ओलांडणारी फॉइलची ही पहिली शिडाची होडी. किपरबद्दल मराठीतच काय, इंग्रजीतही पुरेसं लिहिलं गेलेलं नाही, याची मला खंत वाटते.

फ्रान्समध्ये एरिक ताबार्लीने या कल्पनेचा ध्यास घेतला. त्याची ‘पॉल रिकार’ ॲल्युमिनियमची होती आणि पूर्ण उडण्यासाठी जडच होती. तिची फॉइल होडी कलंडू नये म्हणून टेकू देण्याचं काम करायची. तरीही तिने 1980 मध्ये अटलांटिक ओलांडण्याचा 1905 पासूनचा विक्रम मोडला. आलँ तेबोने पुढे नेलेली ‘हिद्रोप्तेर’ 1994 मध्ये पाण्यावर आली, मोडली, दुरुस्त झाली, 2008 मध्ये भर वेगात उलटली आणि 2009 मध्ये 500 मीटरवर 51.36 नॉटची सरासरी देऊन गेली. या सगळ्या होड्यांची फॉइल तिरपी पाण्यात शिरणारी, पृष्ठभाग भेदणारी. त्यांचा गुण हा, की उंची आपोआप सांभाळली जाते. दोष हा, की पाणी जिथे भेदलं जातं तिथून हवा फॉइलवर खाली उतरते आणि उचल अचानक तुटते. शिवाय असे प्रयोग करायला कारखाना, नौदल किंवा मोठा प्रायोजक पाठीशी लागतो. एकदा मोडलं की वर्ष दोन वर्षं गेली.

खरी कलाटणी मिळाली ती 3.355 मीटर लांबीच्या, एकट्याने चालवायच्या होडीत. तिचं नाव मॉथ. ऑस्ट्रेलियात इन्व्हरलॉक इथे लेन मॉरिसने 1928 मध्ये पहिली बांधली. या वर्गाच्या नियमांत लांबी, रुंदी आणि शिडाचं क्षेत्रफळ बांधून दिलेलं आहे, बाकी जवळपास सगळं बांधणाऱ्यावर सोडलेलं आहे. त्यामुळे गराजमध्ये काम करणारा माणूसही नवी कल्पना घेऊन थेट जागतिक स्पर्धेत उतरू शकत होता. फसली तर एक फॉइल वाया जायचं, होडी उरायचीच.

2001 मध्ये ब्रेट बर्विलने हेच केलं. त्याच्या मॉथची फॉइल दोन्ही बाजूंनी तिरपी पाण्यात उतरत होती. जागतिक स्पर्धेतली एक शर्यत त्याने जिंकली. फॉइलवरच्या मॉथचा त्या स्पर्धेतला हा पहिला विजय. पुढे वर्गाने ती रचना नियमबाह्य ठरवली. अशी होडी म्हणजे बहुतळी होडीच झाली आणि बहुतळी होड्यांना मॉथमध्ये बंदी आहे, असं कारण देण्यात आलं. बर्विलवर अन्याय झाला असं म्हणायला जागा आहे. पण त्या निर्णयाने सोपी वाट बंद केली आणि अवघड वाटच तेवढी उरली. ती म्हणजे फॉइल होडीच्या मधोमध, एकामागे एक, पूर्ण पाण्याखाली ठेवण्याची. मधल्या रेषेवरच्या फॉइलवर होडी चालू शकते हे सिडनीच्या इयन वॉर्डने दाखवून दिलं. पर्थच्या गार्थ आणि जॉन इलेट यांनी त्याची पूर्ण व्यवस्था बसवली. तळातून खाली जाणाऱ्या फळीच्या टोकाला एक फॉइल आणि सुकाणूच्या टोकाला दुसरं, दोन्ही उलट्या इंग्रजी टी अक्षरासारखी.

आता उंची कोण सांभाळणार? पाण्याखालच्या फॉइलला आपण किती खोल आहोत हे कळत नाही. इलेटांच्या व्यवस्थेचं मर्म इथे आहे. होडीच्या पुढच्या टोकाला एक बारीक काडी लोंबते, तिचं खालचं टोक पाण्यावर घासत जातं. होडी खाली असते तेव्हा पाणी काडीला मागे ढकलून धरतं. होडी वर आली की ताणलेला रबरी दोर काडीला पुढे, खाली आणतो. काडीची ही हालचाल दांड्यांमधून तळाशी पोचते आणि मुख्य फॉइलच्या मागच्या कडेचा फ्लॅप हलवते. होडी खाली, तर फ्लॅप खाली आणि उचल जास्त. होडी वर, तर फ्लॅप वर आणि उचल कमी. ना वीज, ना संगणक. पाणी चाचपणाऱ्या दांड्यांची कल्पना इंग्रज संशोधक क्रिस्टोफर हुकने 1940 च्या दशकात मोटरबोटींवर वापरली होती; पण काही किलोंच्या होडीत, माणसाच्या वजनाच्या हेलकाव्यासकट ती चालवून दाखवणं हे वेगळंच काम होतं.

मागचं फॉइल खलाशाच्या हातात राहतं. सुकाणूच्या लांब दांड्याची मूठ पिळली की त्याचा कोन बदलतो. आणखी एक गोष्ट या होड्यांनी शिकवली. शतकानुशतकं खलाशी कलणारी होडी सरळ ठेवायला बाहेर लोंबकळत आले. मॉथवाले तिला मुद्दाम वाऱ्याच्या बाजूला कलवतात. तसं केलं की फॉइलची उचल थोडी वाऱ्याच्या दिशेने वळते आणि होडीचं आडवं वाहून जाणं अडवते. चित्रात हे विपरीत दिसतं, गणितात चोख बसतं.

2005 मध्ये मेलबर्नजवळ ब्लॅक रॉक इथे रोहन व्हीलने फॉइलवर जागतिक विजेतेपद मिळवलं. त्यानंतर बिनफॉइलच्या मॉथला त्या स्पर्धेत काही अर्थ राहिला नाही. काही वर्षांतच या होड्या 30 नॉटच्या पुढे गेल्या.

मग मोठ्यांना जाग आली. 2012 मध्ये ऑकलंडच्या पाण्यावर न्यूझीलंडच्या संघाने 72 फुटी, दोन तळांची कॅटमरॅन फॉइलवर उचलली. ज्या शर्यतीसाठी ती होती त्या अमेरिकाज कपच्या नियमांत फॉइलवर हलते फ्लॅप लावायला बंदी होती, म्हणून त्यांनी फॉइलचा आकारच असा घडवला की उंची बऱ्यापैकी स्वतः स्थिरावेल. या मोठ्या होड्यांची किंमतही मोजावी लागली. मे 2013 मध्ये सरावात आर्टेमिस संघाची होडी उलटून अँड्र्यू सिम्पसन हा ऑलिंपिक सुवर्णविजेता गेला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ओरॅकल संघाने 8-1 अशा पिछाडीवरून 9-8 असा कप राखला. पुढच्या काळात अशा होड्यांच्या सुकाणूवर दिसलेले नेथन आउटरिज, पीटर बर्लिंग, टॉम स्लिंग्जबी हे सगळे मॉथचे जगज्जेते आहेत. हातभर उंचीवर होडी तोलायची सवय त्यांनी त्या छोट्या होडीत अंगी बाणवली होती.

निव्वळ वेगाची शर्यत वेगळ्याच वाटेने गेली. पन्नास नॉटच्या पुढे फॉइलवरचा दाब इतका घटतो की पाणी उकळल्यासारखं वाफेत फुटतं. पॉल लार्सनच्या ‘सेलरॉकेट 2’ ने तो अडथळा वेगळ्या आकाराच्या फॉइलने पार केला आणि नोव्हेंबर 2012 मध्ये नामिबियात वॉल्व्हिस बेवर 65.45 नॉटची नोंद केली. अफाट काम. पण ती होडी एकाच दिशेने, सपाट पाण्यावर चालण्यासाठी घडवली होती.

उघड्या समुद्रातला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या व्हाँदे ग्लोब शर्यतीत 2016 पासून फॉइलच्या होड्या आहेत, पण 2024 च्या शर्यतीपर्यंत सुकाणूवर फॉइल लावायला नियमाची परवानगी नव्हती. मागून आधार नसल्याने या होड्या पुढच्या फॉइलवर उसळतात, नाक खाली करून लाटेत घुसतात आणि आतला माणूस महिनोन् महिने ते दणके खातो. खर्च वाढेल म्हणून या होड्यांचा वर्ग कचरत आला, हे समजण्यासारखं आहे. तरी मला वाटतं, ही परवानगी द्यावी. मागचं फॉइल असल्यावर काय होतं, हे पर्थच्या दोघा इलेटांनी केव्हाच दाखवलं आहे.